चार डब्यांतली ढोबळी मिरची : लावणीपासून ताटापर्यंत

"बाई, तुमच्या अंगात रक्त कमी आहे." दवाखान्यातले हे वाक्य आपल्या वस्तीत बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेले असते. गरोदर लेक ऐकते, शाळेत जाणारी मुलगी ऐकते, दिवसभर राबून आलेली आई ऐकते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हेच प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे दर शंभर लहान मुलांपैकी ६९ मुलांच्या अंगात पुरेसे रक्त नाही.

रक्त वाढायला लोह लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर पाळी सुरू असलेल्या वयातल्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह हवे. बाजरी, हरभरा, मटकी, मसूर, पालेभाज्या यांत लोह असते आणि हे पदार्थ आपल्या घरात येतातही. अडचण पुढे आहे. धान्य, कडधान्य आणि भाजीतले लोह शरीर सहज घेत नाही. त्यातला थोडाच भाग रक्तात जातो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. मात्र त्याच घासाबरोबर, त्याच जेवणात क जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते लोह विरघळलेले राहते आणि आतड्याला शोषून घेता येते.

म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर औषधाची माहिती न देता एक भाजी लावायला शिकू. ती म्हणजे ढोबळी मिरची, जिला बाजारात आपण सिमला मिरची म्हणतो. तेलाचे चार रिकामे डबे, पाच-सहा तास ऊन आणि रोज दहा मिनिटे एवढ्या भांडवलावर ती होते.

ढोबळी मिरचीच का?

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली. ढोबळी मिरची ही त्याच जातकुळीतली, पण तिखटपणा आणणारे द्रव्य तिच्यात तयार होत नाही. त्यामुळे ती लहान मुलालाही खाता येते.

हंगेरीतल्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाचा अभ्यास करीत होते. त्यांना प्रयोगासाठी ते मोठ्या प्रमाणात हवे होते आणि ते मिळाले तिथल्या पाप्रिका मिरचीतून. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीत क जीवनसत्त्व किती भरपूर असते, हे यावरून लक्षात येईल.

शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक क जीवनसत्त्व असते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज ६५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे मध्यम आकाराची अर्धी मिरची कच्ची खाल्ली, तर निम्म्याहून अधिक गरज भागते. तिखट मिरचीतही हे जीवनसत्त्व असते, पण अर्धी वाटी तिखट मिरची कोण खाणार?

आवळा, पेरू, लिंबू हेही या कामाला उत्तम आहेत. आवळ्यात तर ढोबळी मिरचीपेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते. स्वस्त मिळतील तेव्हा ते जरूर खावेत. पण आवळ्या-पेरूचे झाड लावायला जागा लागते आणि वर्षे जातात. ढोबळी मिरची दारातल्या डब्यात चार महिन्यांत हाती येते.

जागा आणि डबा

आधी ऊन बघा. ज्या जागी दिवसातून पाच-सहा तास ऊन येते, तीच जागा निवडा. सकाळचे ऊन सर्वांत चांगले. दारासमोरचा ओटा, चाळीची गॅलरी, इमारतीची गच्ची, विहाराच्या अंगणातला कोपरा, काहीही चालेल. अजिबात ऊन नसेल तर ढोबळी मिरचीच्या नादी लागू नका. तिथे पुदिना किंवा अळू लावा.

पत्र्याच्या छपरावर मातीने भरलेले डबे ठेवू नयेत. पत्रा वजनाने वाकतो, तापतो आणि मुळे भाजतात. पाणी घालायला रोज पत्र्यावर चढणे तर जिवावरचे काम आहे. वरच्या मजल्यावर खिडकीच्या ग्रिलमध्ये डबा ठेवायचा असेल, तर तो तारेने पक्का बांधा. खालून माणसे जात असतात.

एका झाडाला १२ ते १५ लिटरचा एक डबा लागतो. खाद्यतेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, तांदळाची गोणी यांपैकी काहीही घ्या. डब्याच्या तळाला बोटाएवढी सहा-सात भोके पाडा. पत्र्याची कापलेली धार हातोडीने आत ठोकून घ्या, नाहीतर हात कापेल. गंजक्या पत्र्याने खोल जखम झालीच, तर ती साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. पत्रा उन्हात तापतो, म्हणून डब्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

रंगाचे जुने डबे, केमिकलचे ड्रम, कीटकनाशकाचे कॅन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते मातीत उतरते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते आणि रक्तही कमी होते. रक्त वाढवायला लावलेले झाड अशा डब्यात कशाला लावायचे?

माती

हाच नियम मातीला लागू आहे. गटाराच्या कडेची, रेल्वे रुळालगतची, गॅरेजच्या मागची, कचरा जाळतात तिथली माती नको. रोपवाटिकेतून आणा किंवा गावाकडून येताना एक पोते आणा.

दोन घमेली माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक घमेले नारळाचा भुसा किंवा भाताचे तूस, असे मिश्रण करा. मराठवाडा-विदर्भाकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात थोडी वाळू मिसळा. ताजे शेण घालू नका. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात आणि त्यात रोगजंतूही असतात. खत पूर्ण कुजले की त्याला शेणाचा वास येत नाही, ओल्या मातीचा येतो. मातीत काम झाल्यावर हात आणि नखे साबणाने धुवायची. मुलांनाही तीच सवय लावा, म्हणजे पोटात जंत जाणार नाहीत.

बी कोणते आणि केव्हा?

ढोबळी मिरचीला ना कडक ऊन सोसते, ना सततचा पाऊस. महाराष्ट्रात घरच्या लागवडीसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी टाकावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास रोपे डब्यात जावीत, म्हणजे थंडीचे महिने त्यांना मिळतात.

'कॅलिफोर्निया वंडर' ही जुनी सरळ जात बियाण्याच्या दुकानात सहज मिळते. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या 'अर्का मोहिनी' आणि 'अर्का गौरव' याही सरळ जाती आहेत. सरळ जातीचे बी पुढच्या वर्षासाठी धरता येते. संकरित बियांची फळे मोठी येतात, पण त्या फळांचे बी लावले तर झाडे एकसारखी निघत नाहीत.

भाजीला आणलेल्या मिरचीतले बी टाकून बघावे असे अनेकांना वाटते. बाजारातली हिरवी मिरची कोवळी तोडलेली असते, तिचे बी भरलेले नसते आणि बहुतेक वेळा ती संकरित असते. म्हणून पाकीट आणलेले बरे. एका पाकिटात तीन-चार घरांचे काम होते, तेव्हा शेजारणींनी मिळून आणावे. पाकिटातल्या बियांना गुलाबी किंवा हिरवा रंग दिसला, तर त्यांना औषध चोळलेले आहे असे समजा. ते बी मुलांच्या हाती देऊ नका आणि पेरल्यावर हात धुवा.

रोपे तयार करणे

चहाचे कागदी कप किंवा दुधाच्या पिशव्या घ्या, तळाला भोक पाडा आणि बारीक चाळलेली माती-खत भरा. प्रत्येकात दोन बिया अर्धा सेंटिमीटर खोल टाका. हलके पाणी शिंपडा आणि उबदार, सावलीच्या जागी ठेवा. आठ ते बारा दिवसांत कोंब वर येतो. कोंब दिसताच कप उजेडात आणा, नाहीतर रोपे लांबुडकी आणि नाजूक होतात.

कोवळी रोपे जमिनीलगत सडून आडवी पडली, तर तो 'रोपमर' रोग. त्याचे मुख्य कारण जास्त पाणी. माती ओलसर असावी, चिखल नसावा. रोपांवर जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा ताणून बांधा. त्यामुळे पांढरी माशी आणि मावा यांना रोपापर्यंत जाता येत नाही. कोवळ्या वयात लागलेला रोग पुढे जन्मभर पुरतो, म्हणून ही काळजी महत्त्वाची आहे.

सहा आठवड्यांच्या आसपास, पाच-सहा पाने आली की एका डब्यात एकच रोप लावा. लावणी संध्याकाळी करा. दोन रोपे एका डब्यात कोंबली तर दोघांचीही उपासमार होते. जमिनीत लावत असाल तर दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. लावतानाच शेजारी एक काठी रोवा. या झाडाच्या फांद्या ठिसूळ असतात, फळाच्या वजनाने मोडतात. जुन्या कापडाच्या चिंधीने खोड काठीला सैल बांधा.

पाणी आणि डास

बोट मातीत दोन पेर खोल घाला. कोरडे लागले तर पाणी द्या, ओले लागले तर थांबा. थंडीत एका डब्याला अर्धा ते एक लिटर पुरते, ऊन वाढले की अधिक लागते. नळाला दिवसाआड पाणी येत असेल, तर तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी जपून ठेवा आणि त्याच दिवशी घाला. साबणाचे पाणी घालू नका. नाल्याचे पाणी कधीच नको. ही भाजी आपण कच्ची खाणार आहोत आणि त्या पाण्यातून जुलाब, विषमज्वर, कावीळ घरात येते.

मातीवर वाळलेली पाने किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, ओल टिकते. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही, असे केले तर फळाचा खालचा भाग काळा पडून सुकतो. लोक त्याला रोग समजून औषध शोधतात. खरे तर पाणी अनियमित झाल्याने झाडाला कॅल्शियम फळापर्यंत पोहोचवता येत नाही, त्याचा हा परिणाम आहे. पाणी नियमित करा, पुढची फळे चांगली येतात.

आणखी एक गोष्ट काटेकोर पाळा. डब्याखाली ताटली ठेवली तर तिच्यात पाणी साचते आणि त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून ताटल्या ठेवूच नका, डबा दोन विटांवर ठेवा. ताटली ठेवलीच, तर आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करा. पाणी साठवण्याच्या पिंपालाही हाच नियम आहे. आपल्या भाजीपायी शेजारच्या लेकराला ताप येता कामा नये.

खत आणि फुले

लावणीनंतर दर पंधरा-वीस दिवसांनी झाडाला दोन मुठी गांडूळ खत द्या आणि वरची माती हलवा. युरियाचा मोह नको. युरियाने झाड हिरवेगार दिसते, पाने माजतात, पण फळे कमी धरतात.

झाड एक वीतभर उंचीचे असताना पहिल्या फांदीच्या बेचक्यात पहिले फूल येते. ते खुडून टाका. हातून होत नाही, पण करा. त्यामुळे झाड आधी अंगाने भरते आणि नंतर फळे चांगली पोसते. पुढची फुले आपल्या आपण फळतात, वाऱ्याने आणि मधमाशीने मदत होते. बंद गॅलरीत वारा नसेल तर सकाळी फुलांच्या फांदीला बोटाने हलकी टिचकी मारा.

फुले गळू लागली तर आधी हवामान बघा. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले किंवा रात्रीचे १५ अंशांच्या खाली उतरले, की फुले गळतात. नाशिककडे आणि विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात डबे भिंतीच्या उबेला सरकवा. मार्चमध्ये दुपारी जुन्या चादरीची सावली करा.

कीड आणि रोग

रोज पाणी घालताना पाने उलटून बघा. अर्धे औषध या बघण्यात आहे.

- पाने वर वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून लांबट झाली तर कोळी असण्याचा संभव असतो. याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो. विषाणूनेही पाने आखडतात. झाड पूर्ण आखडून खुरटले, तर उपटून पिशवीत बांधून टाका आणि बाकीची झाडे वाचवा.
- मावा आणि पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूला बसतात. साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्या धुऊन काढा.
- पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल लावून टांगा, पांढरी माशी चिकटते. फुलकिड्यांसाठी निळा पुठ्ठा लावा.
- निंबोळी अर्क घरी होतो. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. आठवड्याने पुन्हा करा. तोडणीच्या दिवशी फवारू नका.

दुकानातली विषारी कीटकनाशके घरात आणू नयेत. एका खोलीच्या घरात ती ठेवायची कुठे? लहान मुलाच्या हाती बाटली लागणे आणि रागाच्या भरात मोठ्याच्या हाती लागणे, दोन्हींनी घरे उद्ध्वस्त झालेली आहेत.

तंबाखू मळून हात न धुता रोपाला हात लावू नका. तंबाखूवरचा एक विषाणू हातावाटे मिरचीच्या झाडाला लागतो आणि पाने चट्ट्यापट्ट्यांची होतात. जी गोष्ट झाडालाही बाधते, ती आपल्या गालात किती दिवस ठेवायची, याचा विचार घरातल्या मंडळींनी या निमित्ताने करावा.

तोडणी

लावणीपासून साधारण ६० ते ७५ दिवसांत हिरवी फळे तोडायला येतात. फळ पूर्ण आकाराचे, घट्ट, चकचकीत झाले आणि दाबल्यावर कडक लागले की ते तयार आहे. मऊ, फिक्या सालीचे फळ अजून कोवळे असते.

फळ ओढून तोडू नका, फांदीच हातात येते. कात्रीने बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून कापा. देठ ठेवला की फळ लवकर सडत नाही. तोडणी सकाळी करा आणि दर आठवड्याला करा. तयार फळे झाडावर राहिली की नवी फुले कमी येतात.

तेच हिरवे फळ आणखी दोन-चार आठवडे ठेवले तर जातीप्रमाणे लाल किंवा पिवळे होते. लाल फळ गोड लागते, त्यात क जीवनसत्त्व साधारणपणे आणखी वाढते आणि डोळ्यांना उपयोगी असे अ जीवनसत्त्व देणारे रंगद्रव्यही येते. पण तेवढे दिवस झाडाची ताकद त्याच फळावर खर्च होते. तेव्हा बहुतेक फळे हिरवी तोडावीत, प्रत्येक झाडावर एखाद-दुसरे लाल होऊ द्यावे.

किती मिळेल, हेही आधीच सांगितलेले बरे. डब्यातल्या एका झाडाने हंगामात सहा-आठ फळे दिली तरी समाधान मानावे. चार डब्यांतून पंचवीस-तीस फळे. यावर घराची भाजी भागणार नाही, बाजारात जावेच लागेल. पण आठवड्याला एक-दोन ताज्या मिरच्या जेवणात येतील आणि त्यांचा उपयोग भाजीच्या वजनाहून मोठा आहे.

फ्रिज नसेल तर लागतील तेवढीच तोडा. तोडलेली फळे ओलसर फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली, तर तीन-चार दिवस टिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली फळे बांधून ठेवली की सडतात.

ताटात कशी यावी?

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने कमी होते. म्हणून आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवू नका. जेवणाच्या वेळीच चिरा.

कच्ची खायची असेल तर बारीक चिरून कांदा, दाण्याचे कूट आणि मीठ घालून कोशिंबीर करा. मोड आलेल्या मटकीत कच्च्या फोडी मिसळा. पीठ पेरून केलेली ढोबळी मिरची आपल्या घरात होतेच. तिच्यात बेसनाचे लोह आणि मिरचीचे क जीवनसत्त्व एकाच घासात येतात. फक्त ती झाकण ठेवून पाच-सात मिनिटांत उतरवा, पार मऊ होईपर्यंत परतत बसू नका. हरभऱ्याची उसळ, मसुराची आमटी किंवा पालेभाजी आणि बाजरीची भाकरी असेल, त्याच जेवणात मिरची असावी. सकाळी मिरची आणि रात्री उसळ, असे केले तर लोहाला तिचा उपयोग होत नाही.

जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. चहातली द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा.

दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नका. मिरची गोळीची जागा घेत नाही. फार थकवा, धाप, पांढरे पडलेले डोळे आणि नखे, पाळीत अति रक्तस्राव, असे असेल तर तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या अनेक घरांत बाई सर्वांच्या शेवटी जेवते. कोशिंबिरीचे भांडे तिच्यापर्यंत येते तेव्हा तळाला दोन फोडी आणि मिठाचे पाणी उरलेले असते. डबा तिने भरलेला, पाणी तिने घातलेले, गरज तिलाच सर्वांत अधिक आणि ताट मात्र रिकामे. असे झाले तर या पाठाचा काही उपयोग नाही. म्हणून मिरची चिरली की घरातल्या आईचा, सुनेचा, वयात आलेल्या मुलीचा आणि लहानग्याचा वाटा आधी वेगळ्या वाटीत काढून ठेवा. शक्य असेल तर सगळे एकत्र जेवायला बसा.

पुढच्या वर्षाचे बी

सरळ जातीच्या सर्वांत निरोगी झाडावरचे एक चांगले फळ पूर्ण लाल होऊन सुरकुतेपर्यंत ठेवा. बी काढून सावलीत आठवडाभर वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, वर जात आणि वर्ष लिहा आणि कोरड्या डब्यात ठेवा. दोन-तीन वर्षे ते उगवते. शेजारी तिखट मिरचीचे झाड असेल तर या वर्षीचे फळ तिखट होणार नाही, पण त्याचे बी लावले तर पुढची झाडे तिखट निघू शकतात. बी धरायचे असेल तर दोन्ही झाडे लांब ठेवा.

महिन्यांची आठवण

- ऑगस्ट : डबे, माती, खत गोळा करणे.
- ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मध्य : कपात बी टाकणे.
- ऑक्टोबर : डब्यात लावणी, काठी, आच्छादन.
- नोव्हेंबर : पहिले फूल खुडणे, खत, निंबोळी अर्क.
- डिसेंबर ते मार्च : दर आठवड्याला तोडणी.
- मार्च-एप्रिल : बी धरणे, माती उन्हात वाळवणे.

महिला मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. रंगाचा जुना डबा का वापरू नये?
२. फळाचा तळ काळा पडला तर काय चुकले असेल?
३. उसळ आणि ढोबळी मिरची एकाच जेवणात का हवी?
४. डब्याखालची ताटली किती दिवसांनी कोरडी करावी आणि का?
५. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? तिच्या ताटात काय उरते?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वरच्या मजकुरात सापडतील. पाचव्याचे उत्तर घरी जाऊन, स्वयंपाकघरात बघून द्यायचे आहे.